फोटोवरची टिकली

॥ श्री ॥

तुंगार्ली, लोणावळा
६ जानेवारी २०२५

चि. सौ. माधवी हिस,
अ. उ. आ.

फोनवर तुझा आवाज चढतो आणि माझा त्याच्याही वर जातो, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र लिहिते आहे. सोमाटण्याहून तुंगार्ली ती कितीशी लांब, पण टपालाला तीन दिवस लागतात. तेवढ्यात दोघींचंही डोकं थंड होतं, हा फायदाच. संदेशरावांचा खोकला गेला का? छकुलीला शाळेचं स्वेटर घालायला लाव, नुसतं दप्तरात कोंबून नेते ती.

इकडे सगळं ठीक. खालच्या दोन खोल्या तू त्या ॲपवर लावून दिल्यास, त्याला आता दोन वर्षं होतील. तुझे काका गेल्यावर घर खायला उठायचं. आता पाहुणे येतात, भाजी निवडायला निमित्त मिळतं. पण माझे थोरले दीर, कार्ल्याचे हौशीराम भाऊजी, आठवड्याला एकदा निरोप धाडतात की बाईमाणसानं एकटीनं परक्यांना घरात घेऊ नये, कुलूप लाव आणि आमच्याकडे येऊन राहा. एकदा तिकडे गेले की माझं घर संपलं. मग मी त्यांच्या ओसरीवर बसलेली एक म्हातारी, दुसरं काय?

म्हणून मी फार जपून असते. बुकिंगची विनंती आली की आधी फोटो बोटांनी मोठा करून बघते. चेहऱ्यावरून माणूस ओळखायला मला कुणी शिकवायला नको. परवाच एक विनंती आली. एक मुलगी आणि दोन म्हातारी माणसं, म्हातारीच्या कपाळावर गोंदण, अगदी वाडीवरची वाटत होती. अशी माणसं इथं राहायला कशाला येतील? नाव एकाचं आणि येणारे भलतेच, असा प्रकार असणार. खोली शिल्लक नाही असं कळवून मोकळी झाले. बघ, आहे की नाही तुझी मावशी हुशार?

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी,
नंदामावशी

---

सोमाटणे
११ जानेवारी २०२५

ती. स्व. नंदामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

खोकला गेला, स्वेटर दप्तरातच आहे. आता मुद्द्याचं लिहिते, आणि डोकं काही थंड झालेलं नाही.

तू जिला परत पाठवलंस ती मुलगी म्हणजे रंजना. आमच्या दवाखान्यात मी लॅबमध्ये आणि ती वॉर्डात, तीन वर्षं आम्ही एका डब्यात जेवतो. कार्ल्याच्या वरच्या वाडीवरची, ठाकर आदिवासींची. त्या वाडीतली पहिली नर्स. डिसेंबरात ती नोकरीत कायम झाली, तेव्हा आईला काय हवं म्हणून तिनं विचारलं. सारजाबाई म्हणाल्या की मला तुंगार्लीच्या बंगल्यात एक रात झोपायचं हाय.

का, ते ऐक. रंजना झोळीत असताना सारजाबाई तुंगार्लीत बांधकामावर जायच्या. स्लॅब पडेपर्यंत घमेली वाहिली, विटा चढवल्या. तुझ्या घराच्या नव्हे, तळ्याच्या पलीकडच्या अंगाला. पण काम झालं की मजूर बाहेर आणि फाटक बंद. रंग दिलेलं घर आतून कसं दिसतं, ते त्यांनी कधी पाहिलंच नाही. तेवढ्यासाठी रंजनानं तुझं घर निवडलं, कारण माझी मावशी म्हणजे खात्रीची, असं मीच तिला सांगितलं होतं. मावशीला आधी सांगू नकोस, ओळखीवर नको, असं तिनं मला बजावलं होतं म्हणून मी गप्प होते.

खोली शिल्लक नाही, हे तिनं वाचलं. आणि तुझ्या दोन्ही खोल्या त्याच तारखेला रिकाम्या आहेत, हेही तिला संध्याकाळपर्यंत त्याच ॲपवर दिसत होतं. आणखी दोन घरांनी तेच केलं. मग वॉर्डातल्या पायलनं सुचवलं की फोटो बदल, माधवीचा लाव. सारजाबाईंनी साफ नकार दिला. म्हणाल्या की फोटू तिचा लावायचा तर झोपायला बी तिलाच धाडा, मी न्हाई जायची.

मावशी, माझा फोटो सात ठिकाणांहून परत आला होता, आठवतं? रंग सावळा म्हणून. पत्रिका जुळली होती, शिक्षण पटलं होतं, फोटो गेला की उत्तर यायचं की मुलाचा सध्या विचार नाही. तेव्हा तळेगावच्या त्या लोकांच्या दारात जाऊन तू त्यांना फैलावर घेतलं होतंस, की फोटोत माझी भाची दिसली, पण भेटली कुठे तुम्हाला. माझ्यासाठी असं भांडलेली तू एकटीच. म्हणून मला या गोष्टीचा राग नाही आला, रडू आलं.

चुकलंमाकलं पोटात घाल, पण हे पत्र घालू नकोस.
तुझीच,
माधवी

---

तुंगार्ली
१५ जानेवारी २०२५

चि. सौ. माधवी हिस,
अ. उ. आ.

काल संक्रांत झाली म्हणून गोड लिहिते, नाहीतर काल सकाळी तुझं पत्र आलं तेव्हा त्याचा बोळा केला होता. दुपारी तो सरळ करून परत वाचला. रात्री तिसऱ्यांदा वाचला आणि मग मात्र देवासमोर बसून राहिले. कुणाच्या दारात जाऊन मी काय बोलले होते, आणि स्वतःच्या दारात काय केलं!

पण माझी भीती खोटी नाही, हेही ऐक. हे मी तुला सांगितलं नव्हतं. गेल्या ऑगस्टमध्ये एकाची विनंती आली. फोटोत टाय लावलेला माणूस, शेजारी बायको, कडेवर मुलगी. असा गोड फोटो की मी लगेच होकार दिला. आले ते सहा पुरुष. दुपारपासून बाटल्या उघडल्या, बर्फ पाहिजे म्हणून स्वयंपाकघराच्या दारावर लाथा घातल्या. मी आतून कडी लावून शेजारच्या लीलाबाईला फोन केला, तेव्हा आजूबाजूचे चार जण धावून आले. हे भाऊजींना कळलं असतं तर त्याच दिवशी माझं सामान कार्ल्याला गेलं असतं. म्हणून तुलाही बोलले नाही, आणि त्या दिवसापासून फोटो दुप्पट मोठा करून बघायला लागले. आता कळतंय, फसवलं ते फोटोनंच, आणि मी पुन्हा त्याच्याच भरवशावर बसले.

तेव्हा मी एक उपाय काढला आहे, हसू नकोस. काका गेल्यापासून कपाटात टिकल्यांचं एक पाकीट तसंच पडून होतं. त्यातली सगळ्यात मोठी टिकली मी फोनच्या काचेवर लावली, पाहुण्याचा चेहरा येतो बरोबर त्या जागी. आता विनंती आली की काय लिहिलंय ते वाचते आणि सरळ फोन लावते. कोण, किती जण, कशासाठी. आणि जेवढी नावं तेवढीच माणसं, जास्त आली तर फाटक उघडणार नाही, लीलाबाईकडे दुसरी किल्ली आहे, हेही सांगते. आज सकाळीच एकानं हे ऐकून स्वतःच नको म्हटलं. त्याचा चेहरा कसा होता, मला माहीत नाही!

सोबत रंजनासाठी वेगळी चिठ्ठी आणि तिळगूळ आहे. चुकले म्हणून लिहिलंय, आणि आईवडिलांना घेऊन माझ्याकडे या, माझे पाहुणे म्हणून, पैशाचा विचार करू नका, असं बोलावलंय. तिच्या हातात दे, आणि माझ्या बाजूनं दोन शब्द बोल.

राग गेला असेल तर कळव, नसेल तरी कळव.
तुझी,
नंदामावशी

---

तळेगाव
२० जानेवारी २०२५

श्रीमती नंदाबाई यांस,
स. न. वि. वि.

तुमची चिठ्ठी मिळाली. चूक कबूल करणारं पत्र मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं, त्यामुळे दोनदा वाचलं. घरी नेऊन आईला आणि आबांना वाचून दाखवलं. आबांनी सगळा तिळगूळ संपवला.

आईचं म्हणणं जसंच्या तसं कळवते. ती म्हणाली की फुकट न्हाई यायचं, फुकट तर आमी हळदीकुंकवालाबी न्हाई गेलो. तिला बोलावणं नको, बुकिंग हवं आहे. इतरांसारखं पैसे भरून, त्याच ॲपवरून, त्याच फोटोवर. म्हणून मी आज पुन्हा विनंती पाठवत आहे. फोटो तोच आहे, आईच्या कपाळावरचं गोंदणही तेच. १ फेब्रुवारी, शनिवार, एक रात्र, माणसं तीन. माधवीनं सांगितलेली तुमची ती टिकली या एका वेळेपुरती काढून ठेवावी, अशी माझी विनंती आहे. आमचे चेहरे पाहून होकार द्यावा.

उत्तर काहीही असलं तरी आपल्याविषयी मनात किंतु नाही.
आपली,
रंजना शिदू

---

तुंगार्ली
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. माधवी हिस,
अनेक आशीर्वाद, आणि आज जरा जास्तच.

टिकली काढली. फोटो मोठा केला, तिघांनाही नीट पाहिलं आणि होकार दिला. सारजाबाईंच्या डोळ्यांत एक मिस्किलपणा आहे, तो मला आधी दिसलाच नव्हता.

शनिवारी दुपारी तिघं आली. सारजाबाई आत आल्या, आणि पहिल्यांदा वर बघितलं. स्लॅबकडे! मग भिंतीवर बोटं टिचकावली आणि सांगितलं की गिलावा चांगला हाय, पर कोपऱ्यात वल हाय. तुझ्या काकांनी दहा वर्षं ती ओल शोधली होती गं. खोलीत पलंगावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. गरम पाण्याचा नळ रंजनाकडून तीनदा सुरू करून घेतला. रंजनाचे वडील, शिदूभाऊ, पडवीत माझ्या वेताच्या खुर्चीत पाय पसरून बसले आणि चहावर चहा घेतला.

आणि नेमके तेव्हाच हौशीराम भाऊजी आले, नव्या तांदळाचं पोतं घेऊन. शिदूभाऊंनी वीस वर्षं त्यांच्या खाचरात लावणी केलेली. भाऊजींना बघितल्याबरोबर ते सवयीनं उठून उभे राहिले, आणि भाऊजींनीही सवयीनं खुर्चीला हात घातला. आता गप्प बसले तर जन्मभर गप्प बसावं लागेल, हे कळत होतं. मी भाऊजींना स्पष्ट सांगितलं की हे आज माझे पाहुणे आहेत, खुर्ची त्यांची आहे, तुम्ही पायरीवर टेका, मी चहा आणते. भाऊजी लाल झाले. दुसरी खुर्ची दिसते का म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पण मी हलले नाही. शिदूभाऊ हळूच परत बसले. आणि माधवी, भाऊजी पायरीवर बसले! थोड्या वेळानं आपणहून शिदूभाऊंना गुडघ्याचं औषध विचारायला लागले. जाताना कार्ल्याला ये म्हणाले, पण राहायला नव्हे, जत्रेला.

सारजाबाईंनी रंजनाकडून ॲपवर अभिप्रायही लिहून घेतला. घर चांगलं हाय, मावशी मायाळू हाय, भाकरी जरा जाड करती, न्हाणीची पायरी उंच हाय तर म्हाताऱ्यांनी जपून. शेजारी त्यांचा तोच फोटो. आता जो कुणी माझं घर शोधेल, त्याला आधी सारजाबाई दिसतील. भाकरीचं वाचून मात्र मी तासभर फुगले होते.

शेवटचं सांगते. काल सकाळी निघताना रंजना सवयीनं गोधडीची घडी घालायला वाकली. सारजाबाईंनी तिचा हात धरला आणि सांगितलं की ऱ्हाऊ दे, आयुष्यभर दुसऱ्याच्या घड्या घातल्या, आज आपून पाव्हणं हाय. मग पदर सावरला, अंथरूण होतं तसं पसरलेलं सोडलं आणि मागं न बघता पुढच्या दारानं बाहेर पडल्या. ताठ, माधवी, अगदी ताठ. मी फाटकापर्यंत पोचवायला गेले. परत येऊन ती गोधडी उचलली, टोकाला टोक जुळवलं आणि घडी मी घातली. इतकं बरं मला या घरात कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

भांडत राहा, लिहीत राहा, माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
नंदामावशी