ओढते, दम धर

६ जानेवारी २०२५, सोमवार. सांगली.
आले एकदाची! सातारा स्टँडवर बाबांनी निरोपाला कडक सॅल्यूट ठोकला. हवालदारकी सुटली, सवय सुटत नाही. सोबत विष्णुपंतकाकांसाठी कंदी पेढ्यांचा पुडा. वाटेत त्यातले दोन मी कमी केले, हे फक्त या वहीला माहीत.

काका बाबांचे शाळासोबती. इथल्या हळदीच्या वखारीत आधी कारकून होते, मग कॉम्प्युटर आले तसे तेच सर्व्हर सांभाळू लागले. सतरा तारखेला निवृत्त होतायत आणि त्यांची जागा मला मिळतेय. त्यांनी स्वतः बाबांना फोन करून मला मागून घेतलं. विश्वासाची मुलगी हवी, म्हणाले. बाबा चार दिवस गल्लीभर सांगत होते.

सर्व्हरची खोली जुन्या पेवावर आहे. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. बाकीची पेवं पुरानंतर बुजवली, हे एक तसंच ठेवून वर फरशी टाकली. मशीनलासुद्धा हळदीचा वास येतो. हळद लागायची ती इथंच लागली म्हणायची!

काकांनी मला एक वही दिली. डिस्क कशानं भरली ते सांगणारी कमांड, हरवलेली फाईल हुडकणारी, अडकलेलं काम मारणारी, सगळं सुवाच्य अक्षरात. पहिल्या पानावर लाल शाईत नियम: ‘स्क्रिप्ट कुणाचीही असो, आधी वाचावी, मग चालवावी.’

९ जानेवारी, गुरुवार.
काका शिकवतात झकास. आज ‘सेड’ शिकवली. एक शब्द काढून त्या जागी दुसरा घालणारी कमांड, आणि नीट लिहिली तर हजार फायलींत एका दमात. मी गंमत म्हणून एका यादीतल्या सगळ्या ‘राजापुरी’ हळदीची ‘सेलम’ करून टाकली. काका हसले, मग परत सरळ करायला लावली.

दुपारी तीन चाळीसला कोपऱ्यातला जुना प्रिंटर आपोआप खरखरला आणि एक ओळ छापली. मी उठायच्या आत काकांनी कागद फाडून खिशात घातला. जुन्या मशीनची खोड आहे, म्हणाले. रोज याच वेळी होतं.

१४ जानेवारी, मंगळवार.
संक्रांत. काकांनी तिळगूळ दिला, डोक्यावर हात ठेवला, लेक म्हणाले. परक्या गावात असं कुणी म्हटलं की डोळे भरतात. घरी मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारतात का, हेही विचारलं. नाही, सगळीकडे अबोलीच, म्हटलं. त्यांनी ते टिपून घेतलं.

वॉचमन धुळामामा पूर्वी इथंच हमाल होते. ते पेवाच्या गोष्टी सांगत बसले. आत हवा नसते, म्हणून माणूस उतरण्याआधी कंदील सोडतात. विझला तर उतरायचं नाही. चौऱ्याण्णव साली लालासाहेब नावाचा हमाल उतरला तो वर आलाच नाही. “दोरावरच्यानं सांगितलं कंदील जळतोय म्हनून. आन् त्यो तर कवाच इझलेला हुता, ताई. वर दोर बी सोडून पळाला.” दोरावर कोण होतं, असं मी विचारलं. तेवढ्यात काका आले आणि मामा उठून गेले.

१७ जानेवारी, शुक्रवार.
निरोपसमारंभ. शाल, नारळ, भाषणं. काकांनी वहीच्या शेवटच्या पानावर माझ्यासाठी एक ओळ लिहून ठेवलीय. सोमवारी एकटी बसलीस की ही चालव, सगळा चार्ज तुझ्या नावावर होईल, म्हणाले. जाताना मागं वळून पाहिलं नाही. रडू आलं असेल बिचाऱ्यांना.

२० जानेवारी, सोमवार.
सकाळी ती ओळ चालवली. ‘चार्ज’ नावाची स्क्रिप्ट. उघडून वाचली नाही. काकांचं काय वाचायचं?

तीन चाळीसला प्रिंटर खरखरला. कागद या वेळी मी फाडला.
‘अबोली, दोर ओढ.’
आणि खाली मशीननं आपणहून दिलेलं उत्तर: ‘ओढते, दम धर.’

२१ जानेवारी, मंगळवार.
आज वाचली. वाचायला हवी होती तेव्हा नाही, आज.

चार्ज वगैरे काही नाही. सेडची एकच ओळ. अख्ख्या डिस्कवर जिथं जिथं विष्णू, तिथं तिथं अबोली. शेजारी काकांचीच दुसरी स्क्रिप्ट, रोज तीन चाळीसला उत्तर देणारी, कित्येक वर्षांपूर्वीची. काकांनी ती लिहिली तेव्हा तिच्यात ‘ओढतो’ असणार. सेड फक्त नाव बदलते. मग ‘ओढतो’चं ‘ओढते’ कुणी केलं?

जुन्या नोंदवह्या काकांनी टाईप करून ठेवल्यात. चौऱ्याण्णवची उघडली. ‘वेळ: दुपारी तीन चाळीस. पेवात: लालासाहेब. दोरावर: अबोली.’
माझा जन्म नव्याण्णवचा आहे.

काकांना फोन लावला. आवाज इतका मोकळा कधी ऐकला नव्हता. तीस वर्षांत पहिल्यांदा काल दुपारी डोळा लागला, म्हणाले. मी रडत विचारलं, मीच का? तर म्हणाले, पहिल्या पानावर नियम लिहून दिला होता, बाळ. तू वाचलं नाहीस.
केसानं गळा कापला. तिळगूळ भरवून कापला.

२२ जानेवारी.
कपाटातून चौऱ्याण्णवची मूळ नोंदवही काढली. कागद पिवळा, शाई निळी. कागदावर तर सेड चालत नाही! तिथंही अबोली. आणि अक्षर माझं. माझाच पोट फुगलेला ‘ळ’.

धुळामामांना हात जोडून विचारलं, दोरावर कोण होतं ते सांगा. माझ्याकडे बघवेना त्यांना. “तुमीच हुता की, ताई. मी बगितलंय या डोळ्यांनी.” मी दिलेला चहा तसाच ठेवून गेले.

उलटी सेड चालवली, माझ्या जागी विष्णू. होत नाही. विष्णू नावाचं कुणी मशीनला ठाऊकच नाही. जिवंत, इथल्याच माणसाचं नाव मागते. धुळा— एवढं टाईप केलं. बोटं थांबली. पुसलं.
काकांची बोटं थांबली नव्हती.

२३ जानेवारी.
पळाले. सातारा बस. कराड गेलं— तीन चाळीस— कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीन आपोआप— त्यानं कागद माझ्या हातात दिला, उतारूचं तिकीट दिल्यासारखा—
अबोली, दोर ओढ.
काकांना फोन. उचलला. लालासाहेब कोण, विचारतायत. खोटं नाही बोलत. खरंच आठवत नाही त्यांना. सगळं उतरलं त्यांच्यावरून. माझ्यावर—

२४ जानेवारी. घर.
बाबांना सगळं सांगितलं. ते तरी—
ऐकून घेतलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, दोरावरच्या माणसानं दोर सोडायचा नसतो, पोरी. एवढं तरी शिकवलं होतं तुला.
बाबा, मी जन्मलेसुद्धा नव्हते. बाबा—

तीन पस्तीस.
तळहात जळतायत. दोन्हीवर काथ्याचे वळ. जुने. पांढरे पडलेले.
हे लिहून ठेवते, विसरायच्या आत: मी नव्हते. विष्णुपंत होते. मी नव्हते. विष्णु— त्यांचं आडनाव काय—

तीन एकोणचाळीस.
हळदीचा वास. घरात.
तो खाली उभा आहे, मान वर करून. विचारतोय, जळतोय का कंदील?
विझलाय. मला दिसतंय विझलाय. सांगायला हवं. मी तोंड उघडते आणि म्हणते, जळतोय रं, उत—