सुतळीनं बांधलेला पेनड्राइव्ह

६ मे, सोमवार
चारा छावणीतला कॉम्प्युटर सकाळपासून लाल. पडद्यावर कुलपाचं चित्र, खाली इंग्रजी. एकेक शब्द लावून वाचलं: तुमच्या फायलींना आम्ही कुलूप घातलंय, पैसे पाठवा, किल्ली देऊ. आत जनावरांची सगळी यादी. कुठलं कुणाचं, कानातल्या बिल्ल्याचा नंबर काय. त्या यादीवरच चारा येतो, आणि शुक्रवारी तहसीलचे लोक तपासायला येणार.

मनीषा, आमची ऑपरेटर, केजहून जीपनं येते. पडदा बघून आधी इंटरनेटची वायर उपटली.

अण्णासाहेब आले. दूध संस्थेचे चेअरमन, छावणी संस्थेचीच. म्हणाले, "त्यांना सांगा की, दुष्काळ हाय, सहकारी संस्था हाय! असं कावून करतेत?" छावणीचं दप्तर माझ्याकडं, मग मलाच अर्ज लिहायला बसवलं. विषय: कुलूप उघडून मिळणेबाबत. महोदय... पत्ता कुणाचा टाकायचा, तिथं गाडी अडली.

७ मे, मंगळवार
यादीची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर होती. तीही गेली. पेनड्राइव्ह कॉम्प्युटरलाच लावलेला, तोच रोग त्यातही शिरला. मनीषा हळूच म्हणाली, "प्रत काढली की बाहेर ठेवायचा असतो नाना. मी दोनदा काढला, दोनदा तुमीच परत लावला."

खरंय. वर हरवू नये म्हणून सुतळीनं बांधलाही मीच. पक्क्या दोन गाठी. आज सोडवायला कात्री लागली.

अण्णासाहेब बाहेर म्हणत होते, "त्या पोरीनंच कायतरी दाबलं असंल. रविवारी मीटिंग लावा, कामावरून काढून टाकू."

मी कापलेली सुतळी गुंडाळत बसलो.

इथं तरी लिहितो. शनिवारी दुपारी मनीषा डबा खायला गेलती. मेल आला: जादा पेंड मंजूर, यादी सोबत जोडली आहे. खाली शिक्काबिक्का. पेंड म्हटल्यावर मी दाबलं. उघडंना, म्हणून आणखी तीनदा दाबलं.

८ मे, बुधवार
यादी नव्यानं. मनीषाच्या हातात वही, बिल्ले मी वाचायचे. कानाला हात लावला की जनावर मान झटकतं, चष्मा दोनदा शेणात.

खुणेच्या रकान्यात लोक काय वाटंल ते सांगतात. "डावं शिंग वाकडं, माझ्या मेव्हण्यासारखं बघतीया." मनीषानं तसंच लिहिलं. एका लाथाड्या गायीवर दोघांचा हक्क. मी म्हटलं, ज्याची असंल त्यानं आत्ता धार काढून दाखवा. मग कुणाचीच नाही.

दुपारी मनीषा म्हणाली, "नाना, उन्हात नका फिरू. सावलीत बसा, मी बघते." मी उन्हातच पुढचा बिल्ला वाचला.

१० मे, शुक्रवार
तपासणी. साहेबांनी वही चाळली, खुणेचा रकाना मात्र शेवटपर्यंत वाचला. हसू दाबत म्हणाले, तूर्त चालंल, पण आठवड्यात कॉम्प्युटरवर चढवा. छावणी वाचली.

राहिली मनीषा. परवा मीटिंग.

१२ मे, रविवार
उभा राहिलो. सांगून टाकलं: तो मेल मी उघडला, पोरीचा काही दोष नाही.

अण्णासाहेबांनी उपरण्यानं डोळे पुसले. "नाना, तुमचं मन लई मोठं. पण पोरीला वाचवायला खोटं कावून बोलता? तुमाला ते यंत्र चालू तरी करता येतंय का?"

राग आला. सात वर्षं झाली, आपल्या आपण शिकलोय. म्हटलं, दाखवतो. मनीषाच्या लॅपटॉपवर बसवलं. मागं आठ संचालक वाकून. टिचकी भलतीकडंच, पत्त्यांचा डाव उघडला.

"बघा!" अण्णासाहेब म्हणाले. "हे बिचारं काय मेल उघडणार!"

स्वतःचा गुन्हा स्वतःला शाबीत करता येईना. निर्णय शनिवारच्या मीटिंगला.

१४ मे, मंगळवार
मनीषा म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मेल शनिवारी दुपारी उघडलेला. मी डब्याला गेलते, खुर्चीत फक्त तुमी."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलता का, ते बघत होते."

मी चष्मा पुसायला घेतला.

मग तिनं कामाला लावलं. कॉम्प्युटर पुसून वहीतली यादी चढवली, तिची प्रत नव्या पेनड्राइव्हवर; तो आता माझ्या घरी, कपाटात. पासवर्डही बदलला. आधी 'सर्जा' होता, अण्णासाहेबांच्या बैलाचं नाव. अख्खी छावणी तेच नाव दिवसभर ओरडत होती.

आणखी एक टूम काढली तिनं. आपणच एक खोटा मेल सगळ्या संचालकांना पाठवायचा, बघायचं कोण दाबतंय. म्हणजे पुन्हा असं होणार नाही. मजकूर मी लिहिला: "दुष्काळवीर सन्मानासाठी आपली निवड झाली आहे. खाली नाव, पासवर्ड व फोटो भरावा." लिहिताना मजा आली, खोटं कशाला बोलू.

१७ मे, शुक्रवार
निकाल. सात जणांनी दाबलं नाही. त्यातल्या पाचांना आपल्याला मेल येतो हेच माहीत नव्हतं. एकानं दाबलं. नाव, पासवर्ड, फेट्यातला फोटो, वर आपल्या मनानं चार ओळींचं मनोगत.

अण्णासाहेब.

मनीषानं कपाळाला हात लावला. "नाना, उद्या माझा निकाल त्यांच्याच हातात की हो."

सांगावं तर चिडणार. न सांगावं तर पुढच्या वेळी खऱ्या चोराला पासवर्ड देणार. मनीषा म्हणते, मीटिंगच्या आधी, एकांतात सांगा. मजकूर माझा, तेव्हा सांगायचंही मीच.

१८ मे, शनिवार
मीटिंग चारला. अण्णासाहेब दोनलाच हजर. कडक इस्त्री, नवा फेटा. बाजूला घ्यावं म्हणून पुढं झालो, तर त्यांनीच मला दंडाला धरून गोठ्यामागं नेलं.

"नाना, आज आधी एक आनंदाची बातमी हाय. मनीषाचा विषय शेवटाला घेऊ. आज मन लई मोठं झालंय, बगू, ठेवूबी तिला. कुणाला बोलू नका, हार आणायला बीडला माणूस धाडलाय."

"अण्णासाहेब, त्या बातमीचंच..."

"कळलं व्हय तुमाला? भाषण तुमीच करा मग."

मनीषा दारात पेढ्याचं खोकं घेऊन उभी. वाटायला तिलाच सांगितलंय. माझ्याकडं बघतेय. मी वहीत बघतोय.

साडेतीन झाले. हाराची गाडी आली.