पहिल्या मापाला लाभ

लोणावळे, ता. २ नोव्हेंबर १९३६

तीर्थरूप भाऊंस महिपतीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

येथील मंडळाने पाढ्यांची जंगी स्पर्धा ठरवली असून चिटणीस व परीक्षक मीच! औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, जो तीसपर्यंत बिनचूक म्हणेल त्याला चांदीचा पेला. अध्यक्षांचा भाचा जिंकणार हे उघड आहे. पण हरायलाही माणसे लागतात. तरी गावातून पाच-सात जण धाडावेत. पत्रकात ‘स्त्रियांनाही मुभा’ छापले आहे, ते आपले शोभेला. आई गेल्यावर वहिनींनी मांडीवर बसवून शिकवलेले पाढे असे फळाला आले, हे त्यांना जरूर सांगावे.

आपल्या मायेवरच वाढलेला,
महिपती

वडिवळे, ता. १७ नोव्हेंबर

चि. महिपतीस आशीर्वाद.

तुझी वहिनी झुंबर परवा तुझ्या स्पर्धेतनं आली ती तडक खळ्यावर जाऊन बसली. अरं, त्यो भाचा सतराव्या औटाला अडाकला, तर तू त्याला पानी पाजून सावरलास. ही तीसपतोर कुटं अडाकली न्हाई. लोकांनी टाळ्या पिटल्या. आन् तू उठून सांगतोस, सुरवातीला एक न म्हनता लाभ म्हनाली, सबब बाद! तीस वर्सं खळ्यावर भात मोजती ती. पहिल्या मापाला कुनी एक म्हनतं व्हय रं? लाभच म्हनत्यात. तुला तिनंच मोजाया शिकवलं. तिला लय लागलंय, आन् मलाबी.

तुझा थोरला,
कोंडाजी

लोणावळे, ता. २० नोव्हेंबर

तीर्थरूप भाऊंस साष्टांग नमस्कार, वि. वि.

नियम तो नियम. लाभ हा आकडा नव्हे, असा ठरावच मंडळाने एकमताने केला आहे. घरच्या माणसाला सूट दिली असती तर चारचौघांत माझी काय शोभा राहिली असती? वहिनींनी मनावर घेऊ नये. जाता जाता, आमचे वर्षाचे आंबेमोहराचे पोते अजून आले नाही. रविवारी, ता. २९ला, अध्यक्ष जेवायला येणार आहेत.

कृपा पूर्ववत ठेवावी.
महिपती

वडिवळे, ता. २६ नोव्हेंबर

चि. महिपतीस आशीर्वाद.

पोतं पोचलंच आसंल. झुंबरनं सोता मोजलं. पहिली पायली वतली, लाभ म्हनाली. तुमच्या ठरावानं ती मोजलीच न्हाई, म्हनून परत काढली. पुन्यांदा वतली, पुन्यांदा लाभ. मी म्हनलं, बाई, एकदा एक म्हन आन् सुटू दे. तर म्हनती, पहिल्या मापाला एक म्हनून भावजींच्या घरची बरकत कशी घालवू? दुपारपतोर ह्येच चाललं. तवा पोतं रिकामंच धाडलंय.

अध्यक्षांना आमचा रामराम सांग. पहिल्या घासाला त्यास्नी एक म्हनाया लाव म्हंजे झालं.

मया हाय तशीच हाय, भात तेवढं हितं ऱ्हायलं.
कोंडाजी