एरंडेल लावलेले हात

साओ पाउलो, रविवार

तीर्थरूप बाबा,

आधी आशीर्वाद द्या, मग हवं तेवढं रागवा.

मी वेळेवर जेवते, खोली उबदार आहे. तुमच्या हाताला अजून ठणका लागतो का?

"घायपाताची पानं सोलणाऱ्या त्या यंत्रानं माझ्या उजव्या हाताची बोटं खाल्ली, आता घायपात पोरगीही नेणार?" असं फोनवर म्हणालात आणि परत बोलावलंत. मी येणार नाही.

आम्ही मक्याच्या प्लास्टिकची भांडी करतोय, मातीत कुजून जाणारी. ती लगेच तडकायची, म्हणून मी त्यात आपल्या घायपाताच्या पानांतला चिवट धागा, वाख घातला. तर तो प्लास्टिकमधून सुळकन निघून यायचा! चूक माझीच. वाख विंचरण्याआधी मी आपल्याकडच्या बायकांसारखं हातांना एरंडेल चोळत होते. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई हसल्या, "अगं, वाखाला मालिश करतेस का? तो प्लास्टिकला धरणार कसा?"

मग मी वाख धुऊन वाळवला आणि प्लास्टिक लवचीक व्हावं म्हणून एरंडेलावर प्रक्रिया करून ते त्यातच मिसळलं. आता भांडं वाकतं, पण तुटत नाही. "वाख दोरखंडालाच बरा," म्हणणाऱ्यांच्या देखत मी त्यावर उभी राहिले.

सोबत एक वाडगा पाठवतेय. अंगणातल्या दगडावर आपटा, डाव्या हातानं, सगळा राग काढून. फुटला तर मी गाशा गुंडाळून घरी येते. नाही फुटला तर रोजची घेवड्याची उसळ त्यातच खा, आणि घायपातानं आपल्याकडून फक्त घेतलंच, असं पुन्हा म्हणू नका.

आईला पापा.

तुमच्यावरच गेलेली,
जुसेलिया