पिवळ्या कागदावरची सही

सोमवार, ३
आले बाई एकदाची लेकाकडे! घर माझ्याच नावावर केलंय, वेडा कुठला. दुरुस्तीने घरभर सिमेंट उडतंय, तरी मला महाल वाटतो. सहा वर्षांच्या नातीने, छकुलीने, ही वही दिली. म्हणाली, आजी, रोज लिही, अक्षर सुधारेल. मी दुसरीतच शाळा सोडलेली, सही छकुलीनेच सुट्टीत गावी आली तेव्हा शिकवली. क कमळाचा, ख खटाऱ्याचा म्हणत बोट धरून गिरवून घेते. मास्तरीणच!

कंत्राटदार सज्जन आहे. दोनच नियम त्याचे. तोंडी काही नाही, मालकीण बोलेल ते पिवळ्या कागदावर आणि खाली सही. दुसरा, काढलेलं परत घालायचं तर तेवढंच दुसरं काढायचं, घराचं माप ठरलेलं. मी म्हटलं, बाबा, सह्या म्हणशील तितक्या देते!

गुरुवार, ६
गप्पांत म्हटलं, या खिडकीच्या वाऱ्याने कान दुखतात. त्याने लिहिलं, मी झोकात सही केली. चहा पिऊन येते तर सपाट भिंत. भलताच चटपटीत! सुनेला दाखवलं, तर म्हणाली, आई, इथे खिडकी कधी होती? नोकरीत दमते बिचारी, विसरली असेल.

शनिवार, ८
जिन्याने गुडघे गेले, एवढंच म्हणाले. सही केली. आता जिना नाही. वरचा मजलाही नाही. लेक म्हणतो, आपलं घर बैठंच आहे ना गं. मग काल मी वरच्या खोलीत छकुलीची वेणी घातली ती कुठे?

सोमवार, १०
माझ्या जिभेला हाड नाही. छकुली लुडबुडत होती. लाडानेच म्हटलं हो, ही कार्टी सारखी पायात येते, ठेवा हिला कुठेतरी. तो लिहीत होता. मी बोलतच होते. सही केली. न वाचता.

सुनेने तीनच ताटं वाढली. छकुली कुठे, विचारलं. म्हणाली, कोण छकुली?

मंगळवार, ११
कपाटामागे नवी भिंत. गिलावा ओला. कान लावला. आत हळूच – क कमळाचा, ख खटाऱ्याचा –

लेकाला ओढत आणलं. त्याला काहीच ऐकू येत नाही. म्हणतो, आई, करमत नाही का तुला?

बुधवार, १२
कंत्राटदाराचे पाय धरले. भिंत पाड म्हटलं. तो म्हणाला, आजी, नियम माहीत आहे तुम्हाला. त्या जागी काय घालायचं ते बोला.

बोलले.

या वेळी कागद वाचला. एकेक अक्षर लावून. सही नीट केली, तिने शिकवली तशी –

वही हातातच राहिली. एक वीट बसायची आहे, तिथून उजेड येतो. माझी राणी बाहेर आहे! सुनेला विचारतेय, हा चष्मा कुणाचा? सून म्हणते, कुणास ठाऊक, आपल्याकडे आजी कधी होती –

हाक मारणार नाही. जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून बसलेय. तिने ऐकलं तर भिंत पाडा म्हणेल. मग तो विचारेल –

भिंतीला कान लावलाय तिने. क कमळाचा म्हणतेय. जा गं बाई, खेळ जा –

कंत्राटदार आला. तिला विचारतोय, काय हवंय, छोट्या मालकीणबाई? खिशातून पिवळा –