छतावरचं अर्धं फूल

हॉलकूम हाउस, ब्रिस्टलजवळ
जानेवारी १९९१

प्रिय उल्का,

तू आमचं हे नवं घर पाहिलेलं नाहीस, निदान मी तसं धरून चालते. म्हणून आधी घराबद्दल. बाहेरून ते अजूनही एकाच मालकाचं वाटतं. दगडी खांब, खिडक्यांच्या सरळ रांगा, डावी बाजू हुबेहूब उजवीसारखी. आत मात्र नऊ फ्लॅट आहेत. बिल्डरने खोल्या कापल्या. आमचा हॉल म्हणजे जुन्या नाचाच्या दालनाचा अर्धा भाग. छताच्या मधोमध प्लास्टरचं मोठं फूल आहे, आणि नवी भिंत त्याच्या बरोबर मधून गेली आहे. अर्ध्या पाकळ्या आमच्याकडे, अर्ध्या शेजारच्या मिसेस पामरकडे. छताच्या कडेची प्लास्टरची द्राक्षवेल भिंतीत शिरते, ती पलीकडे निघत असणार. भिंत प्लास्टरबोर्डची आहे. बोटाने ठोकली की पोकळ वाजते. हल्ली मी ती ठोकून पाहते.

मिसेस पामर हिवाळ्यासाठी पोर्तुगालला गेल्या आणि किल्ली तुझ्या बाबांकडे देऊन गेल्या. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी तिथे जातात. त्यांचं दार मागे, तबेल्याच्या बाजूला आहे. सगळ्या घराला वळसा घालून जावं लागतं. "पाइप गोठतात, सुमेधा," एवढंच सांगतात. पाइप पाहायला माणूस दाढी करून जात नाही. परत आले की दुसरी पोळी नको म्हणतात. आम्लपित्तामुळे ते लिंबाच्या लोणच्याला हात लावत नाहीत, तरी बरणी अर्धी झाली आहे.

मग वास आला. आमच्या शेकोटीचं धुराडं वर कुठेतरी त्या घराच्या धुराड्याला मिळतं. त्यातून फोडणीचा वास उतरला. मोहरी, कढीलिंब, हिंग. मिसेस पामर अंडंसुद्धा उकडून खातात, आणि त्या तर इथे नाहीतच. मी बाबांना विचारलं. "तुझं नाक म्हातारपणी फार लांबलंय," म्हणाले, आणि पेपर उलटा धरून वाचत बसले.

लंडनला, ईलिंगच्या मंजिरीमावशीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, रिटायर झालेला डॉक्टर म्हणजे मोकाट बैल. किल्ली लपव आणि स्वस्थ झोप." मी हसले, पण झोप लागली नाही. सदतीस वर्षांच्या संसारात मी त्यांचे खिसे कधी तपासले नव्हते. ते तपासले. एक लवंग आणि मिसेस पामरची किल्ली, दुसरं काही नाही. किल्ली हातात होती, तरी मी गेले नाही. दार उघडणारी बाई कशी असेल, याचीच भीती वाटली.

आमच्या झोपण्याच्या खोलीत कपाटामागे एक जुनं दार आहे. त्यातून मिसेस पामरच्या खोलीत जाता यायचं. बिल्डरने ते रंग फासून बंद केलं. मी कपाट सरकवून पाहिलं. रंगाला कुठे चीर नव्हती. म्हणजे बाबा तिथून जात नाहीत, एवढं तरी कळलं. दाराला कान लावला. पलीकडे कोणी तरी अनवाणी चालत होतं.

ईलिंगच्या आपल्या जुन्या घरी गणपतीत, सगळ्या पाहुण्यांसमोर, बाबा तुला म्हणाले होते, "रॉबर्टशी लग्न केलंस तर माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही." आरतीचं ताट तसंच त्यांच्या हातात होतं. तेव्हापासून तुझा फोन रविवारीच येतो, ते बाहेर फिरायला गेले की. काल तू तुमच्या एडिनबराच्या बर्फाबद्दल सांगत होतीस आणि इथल्या तबेल्यावरचं घड्याळ वाजलं. माझ्या एका कानाला खिडकी होती, दुसऱ्याला फोन. ते दोन्ही कानांत वाजलं. मग वास नीट आठवला. हिंग जळलेला होता. मोहरी तडतडायच्या आधी हिंग टाकणारी एकच मुलगी मला माहीत आहे. रॉबर्टला सोडून आलीस का, किती दिवस राहणार, मी विचारणार नाही. बाबांनी आपला शब्द मोडला नाही, त्यांच्या मते ते घर वेगळं आहे. पण त्यांनी छताकडे कधी पाहिलेलं नाही. या पत्राला तिकीट नाही. ते कपाटामागच्या दाराखालून सरकवते आहे. सुरीने रंग खरवडला आहे. कडी माझ्या बाजूला होती, ती काढली आहे. आता ढकल.

भिंतीच्या अलीकडून,
तुझीच
आई