मुलांची संख्या

हिंगणी, दि. १२ मार्च १९५८

ति. स्व. वासुदेवदादांस,
कांताचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आमचे हे तूर घेऊन सिंदीले गेलते. तिथं तुमच्या कापसाच्या जिनिंगमधले रोखपाल भैय्याजी भेटले. ते सहज बोलून गेले, की आता दोन लेकरं असली तर तेवढ्या पगारावर आयकरच लागत नाई, पण वासुदेवरावांले एकच मुलगा, म्हणून कापला. मी यांच्यावरच चिडली, म्हटलं तुम्हीच चुकीचं ऐकलं असन.

दादा, मंग पंचफुला कोणाची? चौथ्या वर्षी तिचे पाय गेले. तुम्ही चार महिने तिले तुह्याजवळ ठेव म्हणाले, त्याले पाच वर्षं झाली. ती मले जड नाई. पांगळ्या लेकरासाठी सरकार वेगळं काही देत नाई, तेही राहू द्या. पण जी सूट कोणत्याही लेकराच्या बापाले भेटते, तीही तिच्या नावावर नको झाली?

वहिनींले नमस्कार. माया असू द्या असं दरवेळी लिहिते, आज कोणासाठी मागू?

तुमची कांता

सिंदी (रेल्वे), दि. १७ मार्च

चि. सौ. कांतास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. हिला न दाखवता कोटाच्या खिशात ठेवलं. भैय्याजी खरं बोलले. मी इथे नोकरीला आलो ते पंचफुला तुझ्याकडे गेल्यावर, त्यामुळे तिची कोणाला माहितीच नाही. फॉर्म भरताना शेजारी दोघे उभे होते. दुसरं मूल कुठे आहे, असं विचारतील म्हणून मी 'एक' लिहिलं. मग घरी आलो, जेवलो आणि स्वस्थ झोपलो. त्या झोपेचाच आता मला धक्का बसला आहे.

माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण पोरीला कळू देऊ नकोस.

तुझा दादा

हिंगणी, दि. २१ मार्च

ति. स्व. दादांस नमस्कार.

मी वावरात होती. पोस्टमननं तुमचं पत्र ओसरीवर बसलेल्या पंचफुलाच्या हातात देलं. मी येईपर्यंत तिनं सारं वाचलं होतं. तिले वाचता येते, हे तुम्हाले ठाऊकच नाई ना? तुम्ही कधी विचारलंच नाई.

ती रडली नाई. लेकरू चालते का, हे त्या फॉर्मात लिहा लागते का, एवढंच तिनं विचारलं. मी नाई म्हटलं. तर म्हणे, "मंग दोन लिहाले काय झालं होतं?"

याचं उत्तर तुम्हीच द्या.

कांता

सिंदी (रेल्वे), दि. २६ मार्च

चि. पंचफुलास अनेक आशीर्वाद.

तुला हे माझं पहिलंच पत्र. काल अर्ज देऊन फॉर्म दुरुस्त केला, 'दोन' लिहिलं. भैय्याजींना वाटलं घरी पाळणा हलला. त्यांनी पाठ थोपटून पेढे मागितले. मी सगळ्यांदेखत सांगितलं, की मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला चालता येत नाही, आणि तिनं माझं पत्र वाचलं आहे. कोणी काहीच विचारलं नाही. ज्याला पाच वर्षं भ्यालो, ते एवढंच होतं.

रविवारी तुझी आई आणि मी बैलबंडी घेऊन येतो. आमच्यासोबत यायचं की आत्याजवळ राहायचं, ते तू सांग. पेढे मात्र आणतो.

तुझ्याजवळ लोभ मागायला मला तोंड नाही. तरी मागतो.

तुझे बाबा